डॉक्टर, तुमचा चेहराही वाचला जातोय

महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतले वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर, आणि गावोगावी, गल्लोगल्ली दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करते. तुम्ही तपासलेला, रक्त-लघवी करून झालेला, गोळ्या लिहून दिलेला, आणि तरीही 'याचं दुखणं काही हाती लागत नाही' म्हणून पुढे पाठवलेला माणूस माझ्या खोलीत येऊन बसतो. तुमच्या टेबलासमोरची ती दोन-तीन मिनिटं त्याला कशी गेली, हे मला त्याच्या तोंडून ऐकायला मिळतं. तुमच्यापर्यंत ते कधी पोचत नाही. ते पोचावं म्हणून हे पत्र.

सांगायचं आहे ते एवढंच. नैराश्यात माणसाचा स्वतःचा चेहरा बोलेनासा होतो, आणि त्याच काळात समोरच्याचा चेहरा त्याला नीट वाचता येत नाही. म्हणजे तुमच्या आणि त्याच्या मधला हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद असतो. एरवी आपण निम्मं बोलणं चेहऱ्यावर सोडून देतो. या आजारात तसं सोडता येत नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते विचारावं लागतं, आणि आपल्या मनात काय आहे ते तोंडाने सांगावं लागतं.

तुमच्याकडून दोन वाक्यं मी नेहमी ऐकते. 'चेहऱ्यावरून तर काही वाटत नाही हो.' आणि 'चांगली हसून बोलत होती की.' रुग्णाकडून ऐकते ते वाक्य वेगळं असतं: 'डॉक्टर माझ्यावर वैतागले.'

तिशीतली एक बाई आली होती. अंग दुखतं, गळून गेल्यासारखं होतं, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. हिमोग्लोबिन जरा कमी, थायरॉइड ठीक. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलेलं. तो कागद तिने चार घड्या करून मोबाइलच्या कव्हरमध्ये खुपसला होता. औषध घेतलंच नव्हतं. का, विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर कपाळाला आठ्या घालून माझा रिपोर्ट बघत होते. एकदा बघितला, परत बघितला. एवढा कंटाळा आलाय त्यांना माझा, तर परत कशाला तोंड दाखवायचं?" त्या डॉक्टरांना मी ओळखते. लॅबच्या प्रिंटरची शाई संपत आलेली, थायरॉइडचा आकडा पुसट आलेला, म्हणून त्यांनी तो कागद उजेडाकडे धरून दोनदा वाचला होता. घाईच्या ओपीडीत त्यांनी तिच्यासाठी जी जास्तीची काळजी घेतली, नेमकी तीच तिला वैताग म्हणून दिसली. ती पुढच्या तारखेला जाणार नव्हती आणि डॉक्टरांच्या लेखी तो 'पुन्हा न आलेला' एक केसपेपर झाला असता.

दोन भुवयांमधली आठी ज्या स्नायूमुळे पडते, तो राग आला की आकसतो, तसाच अवघड काही वाचताना, ऐकताना, आठवतानाही आकसतो. चार्ल्स डार्विनने १८७२ साली हे नोंदवून ठेवलंय: विचार करताना वाटेत काही अडलं की कपाळ आकसतं. दिवसभर अवघड गोष्टी वाचणं हाच तुमचा व्यवसाय, त्यामुळे तुमच्या कपाळावर आठी असणारच. निरोगी माणूस ती बघतो आणि सोडून देतो. नैराश्यातल्या माणसाला ती सोडता येत नाही.

हे माझं नुसतं निरीक्षण असतं तर पत्र लिहिलं नसतं. या विषयावर कित्येक वर्षं काम चाललेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रुबेन गूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली नैराश्याच्या रुग्णांना आनंदी, दुःखी आणि कोणताच भाव नसलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. भाव नसलेला चेहरा रुग्णांना दुःखी वाटायचा आणि आनंदी चेहरा कोरा वाटायचा. सगळं एक पायरी खाली घसरलेलं. आता दवाखान्यातला आपला नेहमीचा चेहरा आठवा. आपण रागावलेलो नसतो, हसतही नसतो. कामात असतो. त्या कोऱ्या चेहऱ्याचा अर्थ समोरचा माणूस स्वतःच्या मनाप्रमाणे लावतो.

२००६ सालचा युटा योरमान आणि इयन गॉटलिब यांचा प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. पडद्यावर एक चेहरा येतो, सुरुवातीला कोरा. मग चित्रपटासारखा तो हळूहळू, दोन-दोन टक्क्यांनी बदलत जातो आणि शेवटी पूर्ण हसरा, पूर्ण दुःखी किंवा पूर्ण रागावलेला होतो. भाव ओळखता आला की बटण दाबायचं. नैराश्यातल्या लोकांना रागावलेल्या चेहऱ्यापेक्षा दुःखी चेहरा लवकर ओळखू यायचा. हसऱ्या चेहऱ्याला मात्र ते इतरांपेक्षा उशिरा बटण दाबायचे. हसू बरंच रुंदावल्याशिवाय त्यांना ते हसू आहे हेच कळत नव्हतं. चाळिशी लागलेल्याला बारीक टाइप जसा दिसत नाही तसं हे आहे. अक्षर कागदावर असतं, पण त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही मान किंचित हलवून, ओठांच्या कोपऱ्यात जे आश्वासन देता, ते बारीक टाइपातलं असतं.

याच गॉटलिब यांच्या गटाने २००४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. दोन चेहरे शेजारी शेजारी ठेवले की नैराश्यातल्या माणसाचं लक्ष दुःखी चेहऱ्याकडे ओढलं जातं. तुमच्या दवाखान्यात तुम्ही एकटे नसता. केसपेपर काढणारा, इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर, औषधाच्या खिडकीतला मुलगा, बाकावर शेजारी बसलेली आजारी माणसं. त्यातला सर्वांत पडलेला चेहरा तो माणूस घरी घेऊन जातो.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर तुमच्यातले चोखंदळ वाचक मला अडवतील, आणि ते योग्यच होईल. हा फरक फार मोठा नाही. २०१५ साली अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. दुःख सोडून बाकी मूळ भावना ओळखण्यात नैराश्यातले लोक थोडे मागे पडतात, दुःख ओळखण्यात पडत नाहीत, असं त्यात निघालं. थोडेच मागे. म्हणजे या लोकांना चेहरे कळत नाहीत, असं कुणी समजू नये. पण दिवसभरात घरी, रस्त्यावर, कामावर शेकडो चेहरे समोर येतात, आणि प्रत्येक ठिकाणी तराजू जरासा एकाच बाजूला झुकत राहिला, तर संध्याकाळपर्यंत माणसाची खात्री पटते की आपण कुणालाच नको आहोत. तो हे वाचन एका दिवसाचं करत नाही. महिनोन्‌महिने करतो.

आणि कधी कधी त्याचं वाचन बरोबर असतं. हेही विसरू नका. घरात खरोखरच कुणी तोंड फिरवत असतं, साहेब खरोखरच तुसडेपणाने बघत असतो. 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असं म्हणून त्याचं सगळं बघणं खोटं ठरवलं, तर जे थोडं खरं त्याला दिसतं त्यावरचाही त्याचा विश्वास जातो.

आता दुसरी बाजू, त्याच्या चेहऱ्याची.

तुम्ही म्हणता, चेहऱ्यावर काही दिसत नाही. बरोबर आहे, दिसत नाहीच. १९७६ साली 'सायन्स' या नियतकालिकात गॅरी श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी चेहऱ्याच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावले आणि लोकांना मनातल्या मनात सुखाचा प्रसंग, दुःखाचा प्रसंग आणि आपला रोजचा दिवस आठवायला सांगितलं. नुसत्या नजरेला चेहरा हललेलाही कळत नव्हता, पण इलेक्ट्रोडला स्नायूंमधला फरक कळत होता. सुखाचा प्रसंग आठवताना नैराश्यातल्या लोकांचे स्नायू इतरांपेक्षा कमी हलले. रोजचा दिवस आठवायला सांगितला तेव्हा इतरांचे स्नायू सुखाच्या प्रसंगासारखे वागले, यांचे दुःखाच्या प्रसंगासारखे. साधा, रोजचा दिवस. सकाळी उठणं, चहा, काम, जेवण, झोप. तो दिवसच त्यांच्या अंगावर आलेला असतो आणि बाहेरून बघणाऱ्याला त्याचा मागमूस नसतो. इलेक्ट्रोड लावल्याशिवाय जे दिसत नाही, ते ओपीडीच्या टेबलापलीकडून दिसेल अशी अपेक्षा तुम्ही स्वतःकडूनही करू नका.

पिट्सबर्गच्या जेफ्री गिरार्ड आणि जेफ्री कोन यांनी त्यापुढचं काम केलं. उपचार चालू असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींचे व्हिडिओ घेऊन त्यांनी चेहऱ्याची एकेक हालचाल मोजली. आजार तीव्र असताना हसू कमी व्हायचं, हे कुणीही सांगेल. पण ओठांचे कोपरे खाली जाण्याची, म्हणजे रडवेल्या चेहऱ्याची हालचालही कमी व्हायची. मानही कमी हलायची. रडवेला चेहरा बघून माणसं जवळ येतात, 'काय झालं?' म्हणून विचारतात. हसऱ्या चेहऱ्यालाही माणसं जवळ येतात. दोन्ही कमी होतं. आणि वाढते ती गालाचा कोपरा आत ओढण्याची हालचाल, जी बघणाऱ्याला तुच्छतेसारखी वाटते. म्हणजे ज्या वेळी माणसांची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वेळी चेहरा त्यांना लांब ढकलतो.

हे मी रोज बघते. आई मुलाला घेऊन येते, बारावीतला. 'मॅडम, माज आलाय याला. मी बोलते तर नुसता बघत राहतो. वडील ओरडले तरी ढिम्म हलत नाही.' तो मुलगा खुर्चीत बसलेला असतो, चेहरा पाटीसारखा कोरा. नैराश्यात माणूस चांगल्याला कमी प्रतिसाद देतो तसा वाइटालाही कमी देतो. ओरडण्यालाही त्याच्या चेहऱ्यावर उत्तर उमटत नाही, म्हणून आणखी ओरडलं जातं. घरी हे होतं, आणि मला वाईट वाटतं ते हे की दवाखान्यातही होतं. 'मी एवढं समजावतोय, तुझं लक्ष आहे का?' लक्ष असतं. चेहरा सांगत नसतो.

दुसऱ्या टोकाला हसणारी माणसं. आपल्याकडे सुनेला लग्नाच्या आधीपासून शिकवलेलं असतं की पाहुण्यांसमोर तोंड पाडून बसायचं नाही. ती तुमच्यासमोर येते तेव्हा शेजारी सासू किंवा नवरा असतो. ती हसते. 'काही नाही हो डॉक्टर, जरा अशक्तपणा आहे.' शिकून आलेलं ते हसू इतकं पक्कं असतं की आजारातही उतरत नाही. पुरुषांचं वेगळंच. कर्जात बुडालेला शेतकरी चावडीवर सगळ्यांत मोठ्याने हसतो. नंतर गाव म्हणतं, 'कालच तर हसत होता.' राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली. देशात हा आकडा सर्वांत मोठा. त्या प्रत्येकामागे नैराश्यच होतं असं मी म्हणणार नाही, कारणं पुष्कळ असतात. पण त्यांतले किती जण शेवटच्या काही आठवड्यांत अंगदुखी, अपचन, झोप नाही असं काहीतरी सांगत कुणा ना कुणा डॉक्टरसमोर बसले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून विचारा. तुम्हाला माहीत असलेली पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी काढून जरा या नजरेने वाचा. गेल्या दोन आठवड्यांत मन कशात रमलं नाही का, उदास वाटलं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, एकाग्रता, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थता, मरणाचे विचार. या नवांत दुसऱ्या माणसाच्या लक्षात येण्यासारखं म्हणून विचारलेलं एकच आहे, हालचालीचं. बाकी आठ गोष्टी माणसाने सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. यादी मराठीत उपलब्ध आहे. नऊ विचारायला वेळ नसेल तर पहिले दोन विचारा, पण ते माणसाच्या भाषेत: 'गेले पंधरा दिवस कशातच मन लागत नाही असं होतंय का? आधी जे आवडायचं, तेही आता नकोसं वाटतं का?' 'मन खट्टू असतं का? नको नको वाटतं का सगळं?' 'टेन्शन आहे का?' असं विचारू नका. त्याला सगळेच 'हो' म्हणतात आणि त्यातून काही कळत नाही.

आणि मरणाचा प्रश्न वगळू नका. विचारल्याने विचार मनात घुसतो ही भीती निराधार आहे. 'जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का? जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?' इतकं सरळ विचारलं की बहुतेक जण सुटका झाल्यासारखं बोलू लागतात. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकट्याला घरी सोडायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन कधीही करता येतो, पैसे लागत नाहीत. केसपेपरवर तो हाताने लिहून द्या. छापील पत्रक टाकून दिलं जातं, तुमच्या अक्षरातलं माणूस जपून ठेवतो.

तुमची दुसरी बाजूही तोंडाने सांगा. 'मी रिपोर्ट वाचतोय, आकडा पुसट आहे. तुमच्यावर रागावलो नाही.' 'मी कॉम्प्युटरमध्ये बघतेय, पण ऐकतेय. बोला.' 'बाहेर गर्दी आहे म्हणून घाई करतोय. तुम्ही आलात ते बरं झालं. पुढच्या गुरुवारी मला तुम्हाला परत बघायचंय.' ही वाक्यं बोलायला काही सेकंद लागतात. वाचायला कृत्रिम वाटतील, बोलून बघा, वाटणार नाहीत. 'हसा बघू जरा' एवढं मात्र म्हणू नका. त्याच्या चेहऱ्याकडून आज ते काम होत नाही, आणि ते न जमणं ही त्याच्या मनात आणखी एक नापासाची नोंद होते.

लसीकरणाच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण तिथे दोन माणसं एकदम हाती लागतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोससाठी आई बाळाला घेऊन येते. सगळ्यांचं लक्ष बाळावर. वजन, मांडीत सुई, तापाची गोळी, पुढची तारीख. आईला कुणी बघत नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या आयांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना सुमारे २३ टक्के आयांना नैराश्य होतं. सहा आठवडे म्हणजे आपला दीड महिन्याचा डोस. त्या अभ्यासात जी कारणं पुढे आली त्यांत गरिबी होती, नवऱ्याचा मारझोडीचा स्वभाव होता, आणि मुलगी झाल्याची घरातली नाराजी होती. तिच्या घरातले चेहरे खरंच पडलेले असतात. तिचा आजार त्यात भर घालतो.

आणि तिच्या मांडीवर असतं ते बाळ, जे अजून शब्द जाणत नाही, सगळं जग आईच्या चेहऱ्यावरून शिकतं. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ सालचा प्रयोग तुम्ही बालरोगाच्या तासाला ऐकला असेल. आई बाळाशी खेळत असते, मग सांगितल्याप्रमाणे काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, आवाज काढतं, अंग पुढे झोकतं. काहीच परत येत नाही म्हटल्यावर ते तोंड फिरवतं आणि मलूल होतं. प्रयोगातली आई दोन-तीन मिनिटांनी पुन्हा हसते. नैराश्यातल्या आईला ते जमत नाही, आणि तिला हे दिसत असतं. टिफनी फील्ड यांनी १९८८ मध्ये दाखवलं की अशा आयांची बाळं दुसऱ्या, आजारी नसलेल्या बाईच्या हातात दिली तरी तशीच मंद वागतात.

हे वाचून कुणी आईला बोल लावला तर या पत्राचा उपयोग उलटा होईल. 'बाळाकडे बघून हसत जा, नाहीतर त्याच्या मेंदूवर परिणाम होईल' असं एका बाळंतिणीला सांगितलेलं मी ऐकलं आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता. ती त्यानंतर बाळाला घ्यायलाच घाबरू लागली. आईवर उपचार करा, तिला झोप मिळेल असं बघा, घरच्यांना समोर बसवून सांगा की हा आजार आहे, हिला बाळाची ओढ नाही असं नाही. तिचा चेहरा आपोआप परत येतो. तोवर आजी, मावशी, शेजारीण बाळाशी बोलत, हसत राहिल्या तर बाळाला आधार मिळतो. आपल्या घरांमध्ये ही माणसं असतात, त्यांना कामाला लावा. आशाताई दारात जातातच. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायच्या एडिंबरा श्रेणीचे दहा प्रश्न त्यांना शिकवता येतील. पण आईला एकटीला विचारायला हवं. सासूबाईंना 'जरा बाळाला बाहेर फिरवून आणा' म्हटलं की दोन मिनिटं मिळतात.

औषधाबद्दल एक गोष्ट, जी मला वाटतं तुम्ही रुग्णाला सांगायला हवी आणि बहुधा सांगत नाही. गोळ्या सुरू केल्या की पहिले दोन-तीन आठवडे त्याला काही फरक वाटत नाही, आणि तो त्या बंद करतो. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांचं काम इथे उपयोगी पडतं. त्यांच्या २००९ सालच्या अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांना रेबॉक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाची एकच मात्रा दिली. मन होतं तसंच राहिलं, पण हसरे चेहरे ओळखणं सुधारलं. एका मात्रेत. सर्ट्रालिन तर तुमच्या रोजच्या लिहिण्यातलं. २००१ साली इव्हेट शेलीन यांच्या गटाने दाखवलं की नैराश्यात, जाणवणारही नाही इतक्या थोड्या वेळासाठी दाखवलेल्या घाबरलेल्या चेहऱ्यांना मेंदूतला अमिग्डला हा भाग जास्त प्रतिसाद देतो, आणि सर्ट्रालिनच्या उपचारानंतर तो प्रतिसाद खाली येतो. हार्मर यांची मांडणी अशी की औषध आधी बघण्यात फरक करतं. मग त्या बदललेल्या नजरेने माणूस काही आठवडे लोकांत वावरतो, चार चांगले अनुभव त्याच्या पदरात पडतात, आणि त्यातून मन वर येतं. ही मांडणी आहे, अजून तपासली जातेय. पण रुग्णाला 'गोळी आतून कामाला लागली आहे, तुम्हाला कळायला वेळ लागेल' हे सांगायला ती आधार देते. आणि ती बरोबर असेल तर त्या आठवड्यांत त्याच्या वाट्याला कोणते चेहरे येतात याला महत्त्व आहे. त्यांतला एक तुमचा आहे.

'मानसोपचारतज्ज्ञ नाही, वेळ नाही, आम्ही काय करणार?' हा प्रश्न खरा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, दर वीस प्रौढांत एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आलेलं आढळलं, आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोचले नव्हते. पण करता येतं, हे आपल्याच भागात सिद्ध झालंय. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगथ संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशन करवलं. सहा ते आठ बैठका. २०१७ साली निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के सावरले, नेहमीच्या उपचारातले ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यात विश्राम प्रकल्पातून गावपातळीवर काम झालं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. दोन्हीकडे मुख्य साधन होतं ते बोलणं.

हे लिहिताना तुमच्यातल्या काही जणांचे चेहरे माझ्यासमोर आहेत. सलग ड्यूटी, शवविच्छेदन, नातेवाइकांच्या शिव्या, बदलीची टांगती तलवार. तुमच्यापैकी कुणाला अलीकडे प्रत्येक रुग्ण आपल्यावर संशय घेतोय, प्रत्येक सहकारी तोंड फिरवतोय असं वाटत असेल, तर वरचं सगळं पुन्हा एकदा वाचा, या वेळी रुग्ण म्हणून. ओळखीच्या गावात जायला अवघड वाटत असेल तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे. डॉक्टरांना मदत मागणं फार जड जातं, हे मी जवळून बघितलंय.

आता मागणं. एक रबरी शिक्का करून घ्या. त्यावर वर सांगितलेले दोन प्रश्न आणि पुढे 'हो / नाही' अशी जागा. कोपऱ्यावरचा शिक्केवाला एका दिवसात करून देतो. केसपेपर काढतानाच तो उमटवला की बीपी आणि वजनासारखे हेही दोन रकाने भरावे लागतील, मग समोरची व्यक्ती हसत असो, रडत असो, नाहीतर भिंतीकडे बघत बसलेली असो. लसीकरणाच्या सत्रात तोच शिक्का आईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर. एखाद्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी हे तीन महिने करून बघायचं ठरवलं, तर 'हो' आलेल्यांशी बोलायला, आशाताईंना आणि सिस्टरना प्रश्न विचारायची पद्धत शिकवायला माझ्यासारखे समुपदेशक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कक्षात निरोप ठेवला की आम्ही येऊ.

आपली,
एका ग्रामीण रुग्णालयातली समुपदेशक